असीपलीकडचा समुद्र

अक्का, तुझा मासा जिवंत आहे. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर चपला काढायच्या आधी हेच विचारलं असतंस. पाणी स्वच्छ आहे. हवेचा पंप नेहमीसारखा कुरकुरतो आहे. तू गेल्यावर त्याने बरेच दिवस काही खाल्लं नाही. मागच्या दगडाच्या कपारीत तोंड घालून बसून राहिला. मी रोज ग्रंथालय सुटलं की ब्रह्मा घाटाकडे घरी जायच्या आधी नगव्याला तुझ्या घरी येत होतो, तुझ्या तखतावर बसत होतो, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून तुझी वाट पाहत होतो.

जे तुला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. माझ्या थोरल्या बहिणीने काशीत समुद्र केला होता. प्राणिशास्त्र शिकवता शिकवता, विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या घरात, पुरुषभर लांबीच्या काचेच्या टाकीत. त्यात तिने एकच मासा ठेवला होता. आणि तो समुद्र आमच्या वडिलांनी, नानांनी, एकदा येऊन पाहावा अशी तिची इच्छा होती. ती असेपर्यंत ते आले नाहीत.

नाना दुष्टपणाने आले नाहीत असं नाही. आई गेली त्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, कारण काशीत मेलेला माणूस सुटतो आणि सीमेबाहेर कुठल्या क्षणी गाठलं जाईल ते सांगता येत नाही. सीमा त्यांनी धरली ती धाकटी, उत्तरेला वरुणा आणि दक्षिणेला असी. तू भाड्याने घेतलंस ते घर नगव्याला, असीच्या पलीकडे. रिक्शाने गेलं तर फार लांब नाही. पण आमच्या नानांना ते लंकेइतकं लांब होतं.

समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. जन्म ब्रह्मा घाटावरचा, शिक्षण तिथलंच, शिकवलं तेही तिथेच. समुद्राची संस्कृतातली नावं मात्र त्यांना जितकी पाठ होती तितकी कोळ्यालाही नसतील. लहानपणी ते आपल्याला ती म्हणायला लावत. मी नावं बिनचूक म्हणायचो. तू मधेच थांबून विचारायचीस, “पण नाना, त्याचा वास कसा असतो?”

“वास?” नाना म्हणायचे. “कोशात वास दिलेला नाही.”

तुझा सगळा समुद्र या एका उत्तरातून निघाला, असं मला आता वाटतं.

टाकी आली तेव्हा तू मला मीठ आणायला सांगितलंस. घरी मिठाचा विषय निघाल्यावर नानांनी कान टवकारले. कशाला हवंय, किती हवंय, सगळं विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मला निघताना थांबवून कापडात बांधलेली पुरचुंडी दिली. आत सैंधव होतं, गुलाबीसर खडे, आपल्या घरी एकादशीला वापरतात तेच.

“समुद्राचं मीठ उपासाला चालत नाही,” ते म्हणाले. “तिला म्हणावं, हे शुद्ध आहे.”

मीही ते शहाण्यासारखं घेऊन आलो. वर तुला व्युत्पत्ती सांगितली की सैंधव म्हणजे सिंधूचं, आणि सिंधू म्हणजे समुद्रच, तेव्हा चालायला हरकत नसावी. तू इतकी हसलीस की तखतावर बसलीस. “बापू, अरे, समुद्राला उपास घडवायचाय का मला?” तुझं मीठ वेगळंच होतं. साधं मीठ, त्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमधले निरनिराळे क्षार, प्रत्येक तोलून. पण ती पुरचुंडी तू परत पाठवली नाहीस. त्यातला एक खडा उचलून तू त्या भरलेल्या टाकीत सोडलास, आणि आपण दोघे तो विरघळेपर्यंत पाहत राहिलो. नानांनी पाठवलेली पहिली वस्तू, म्हणालीस. मला तेव्हा वाटलं, तू थट्टा करतेस.

मग आली ती रिकाम्या पाण्याची गंमत. टाकी भरलेली होती, पंप चालू झाला, वाळूतून पाणी खाली ओढलं जाऊन वर येऊ लागलं, आणि मासा मात्र आला नाही. कोळंबीचा एक तुकडा तू पाण्यात टाकून दिलास आणि आठवड्यांमागून आठवडे त्या नासक्या तुकड्याकडे बघत बसलीस. रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचीस, रंग पाहायचीस. तुझे घरमालक तिवारीजी वरच्या मजल्यावरून उतरून रोज विचारायचे, “का बहिनजी, मछरी कब आई?” तू म्हणायचीस, “पहिले बरतन माँजने वाले आ जाएँ, तिवारीजी.”

त्यांना ते कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. कळलं ते नानांना, आणि न पाहता. तो रविवार मला स्पष्ट आठवतो. रविवारी तू ब्रह्मा घाटावर जेवायला यायचीस, बाजारातली कोळंबी हाताळलेले हात आधी तीन वेळा धुऊन. नाना जेवून सुपारी कातरत होते. तू त्यांना सांगत होतीस की हा मासा मोठा होणारा आहे, मांस खाणारा आहे, आणि अशा माशांच्या बाबतीत सगळा प्रश्न एकच असतो, टाकीत किती ठेवायचे.

“म्हणजे किती पानं मांडायची,” नाना म्हणाले.

“हो. तेच.”

“मग सोपं आहे. लोक समजतात, जागा किती आहे त्यावर पानं ठरतात. तसं नसतं. उष्टी काढणारे किती आहेत त्यावर ठरतात.”

तुझा हात ताकाच्या भांड्याकडे जाता जाता थांबला.

“दालनात शंभर बसतील,” नाना अडकित्ता हलवत म्हणाले, “पण उष्टी काढणारी चार माणसं असली तर दुसरी पंगत बसायच्या आत घाण होते. आणि खाणारे जड असले, तर त्याहून आधी.”

“नाना,” तू म्हणालीस, “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“आयुष्यभर पंगतीत बसलोय मी. कुणी कशाला सांगायला हवं?”

तुला घरी सोडायला निघालो तेव्हा रिक्शात तू मला समजावलंस. मासा खातो, त्याचं उष्टं आणि मळ पाण्यात राहतो, त्याचा अमोनिया होतो, आणि तो विष असतो. वाळूत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते हे विष खाऊन पुढे सरकवतात. ते आधी यायला लागतात, हळूहळू, नासका तुकडा खाऊन वाढावे लागतात, आणि जितके ते तितकाच मासा. “उष्टी काढणारे,” तू म्हणालीस. “बापू, वर्गात मी हे समजावायला दोन तास घेते.” तुझ्या आवाजात अभिमान होता. त्या क्षणी तुला वाटलं असणार की हा माणूस आता येईल. जो न पाहता इतकं पाहतो तो पाहायला नक्की येईल.

मासा तू कलकत्त्याहून आणलास. मोगलसरायला मी तुला घ्यायला आलो होतो. तू डब्यातून उतरलीस ती मांडीवर घेतलेलं मूल उचलावं तशी हवेने फुगलेली पिशवी दोन्ही हातांत धरून. मी आत पाहिलं. बोटभर मासा. तपकिरी, अंगावर ठिपके, आणि तोंड शरीराच्या मानाने फार मोठं. कोकणात याच्या जातीला गोब्रा म्हणतात, तू सांगितलंस. मी मनातून निराश झालो होतो. महिनाभर खपून केलेला समुद्र आणि त्यात हा एवढासा.

त्याला पाण्यात सोडला तेव्हा तर तो सापडेनाच. तिवारीजी काचेला नाक लावून शोधत राहिले. “एतना बड़ा समुंदर, अउर एक ठो मछरी? ऊहो लउकत नाहीं. मजाक है का, बहिनजी? दस-बारह डलवाइए, रौनक हो जाई.”

“तो आज आहे त्याचा हिशेब करायचा नसतो,” तू मला म्हणालीस. “होणार आहे त्याचा करायचा असतो. आज त्याला जेवढं रिकामं दिसतंय तेवढं सगळं त्याचंच आहे.”

अक्का, त्याला वाढताना मी पाहिलं, आणि मला इतर कशाचं भय वा आश्चर्य वाटलं नसेल तितकं त्याचं वाटलं. बोटाएवढा मासा वितीचा झाला, वितीचा हातभर. कधी वाढतो ते दिसायचं नाही. आठवड्याने यावं तर डोळा मोठा झालेला असे. तो डोळा फिरतो. आपण खोलीत कुठेही गेलो तरी तो डोळा आपल्याबरोबर येतो. रंग बदलायचा, तेही डोळ्यांदेखत. तू जवळ गेलीस की अंगावरचे पट्टे फिके होत आणि ठिपके तांबूस उजळत. मी गेलो की पुन्हा काळसर. खायला देताना तू लांब चिमट्यात कोळंबी धरायचीस. तो हलायचा नाही. तरंगत राहायचा, छातीचे पर पंख्यासारखे हलवत. आणि मग कोळंबी नसायची. मधलं काही मला कधी दिसलंच नाही. तोंड उघडलं, पाणी आत गेलं, तोंड मिटलं, आणि हे सगळं मी पापणी न हलवता पाहत असूनही हुकायचं. नंतर चार-चार दिवस तो काही मागायचा नाही. जप संपवून बसलेल्या माणसासारखा दगडापाशी असायचा.

मी पोथ्यांचा माणूस. ग्रंथालयात बसून जीर्ण पानांच्या याद्या करतो. शिकार या गोष्टीचं वर्णन मी पुष्कळ वाचलं आहे. त्यात आवाज असतो, झेप असते, रक्त असतं. खरी शिकार इतकी शांत असते हे तुझ्या खोलीत कळलं.

मला मात्र तो एकटा वाटायचा. त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते मिटलं नाही. मी इंग्रजी पुस्तक काढून आणलं होतं. त्यात तुझ्याएवढ्या टाकीत असे दोन, क्वचित तीनसुद्धा चालतील असं लिहिलं होतं. मी ते पान उघडून तुझ्यासमोर धरलं.

“ज्या गावात हे पुस्तक लिहिलंय,” तू म्हणालीस, “तिथे बिजली जात नाही.”

त्या आधीचा वैशाख मी विसरलो नव्हतो. भर दुपारी वीज गेली होती. पंप थांबला, पाणी थांबलं. तापलेल्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी, आणि थांबलेल्या पाण्यात मासा तर गुदमरतोच, वाळूतले उष्टी काढणारेही गुदमरतात. मी सहज आलो होतो. तू दार उघडलंस ते हातात लोटा घेऊन, पदर खोचलेला, कपाळावर घाम. दुसरा लोटा माझ्या हातात दिलास. टाकीतलं पाणी घ्यायचं आणि उंचावरून टाकीतच ओतायचं. पडणारं पाणी हवा घेऊन जातं. थांबायचं नाही.

पहिल्या काही मिनिटांत माझे हात भरून आले. घाई व्हायला लागली, पाणी बाहेर सांडायला लागलं. “अरे, अभिषेक कर,” तू ओरडलीस. “अभिषेकात घाई करतोस का?” आणि मी रुद्र म्हणायला लागलो. त्या लयीत हात आपोआप चालले. तू माझ्या मागून म्हणू लागलीस. मुलींना शिकवत नसत, पण नानांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून तुला सगळं येत होतं. स्वर तुझे माझ्याहून खणखणीत होते. खाऱ्या पाण्याच्या धारेखाली तो मासा वर आला, पाण्याच्या पृष्ठाला तोंड लावून राहिला, आणि आपल्या दोघांकडे एकेका डोळ्याने पाहत राहिला. किती आवर्तनं झाली कोण जाणे. वीज आली तेव्हा पंप कुरकुरला, आणि आपण दोघे भिजलेल्या जमिनीवर बसलो.

“पाहिलंस?” तू म्हणालीस. “दोन मासे असते तर या दोन लोट्यांना झेपलं नसतं.”

हे सगळं ठाऊक असून मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो की बिचारा एकटा आहे. शेवटी एकदा तू चिमटा खाली ठेवलास आणि माझ्याकडे वळलीस. “तो एकटा नाही, बापू. मोठा आहे. मोठ्याला जागा लागते. तुम्ही लोक रिकामी जागा दिसली की कीव करायला लागता.”

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तुझं लग्न न करणं, नगव्याला वेगळं राहणं, ब्रह्मा घाटावरच्या गल्लीतून जाताना खिडक्यांमधून येणारं “बिचारी”, हे सगळं त्या वाक्यात होतं, आणि मी पुस्तक मिटून पिशवीत घातलं. आता ते भांडण मी एकटाच चालवतो आणि दर वेळी हरतो. आता तुझ्या घरात बसून तुझी पुस्तकं, तुझी प्रयोगाची कात्रणं, परदेशातून आलेल्या माशांच्या चित्रांवर तू पेन्सिलीने काढलेल्या खुणा पाहतो, तेव्हा माझं डोकं भिरभिरतं. इतकं सगळं एका माणसात मावलं होतं. तिथे दुसऱ्या कुणाला जागा कुठून असणार?

नानांशी तुझं भांडण वेगळं होतं, आणि ते दर रविवारी व्हायचं. ते ऐकायला शेजारची माणसं ओट्यावर येऊन बसत.

“नाना, पंचक्रोशीचा फेरा नगव्याच्या कितीतरी पलीकडून जातो. म्हणजे नगवा काशीच्या पोटात आहे.”

“पंचक्रोशी ही थोरली मर्यादा. मी संकल्प केला तो असी-वरुणेचा.”

“तुमची असी आता नाला आहे. सरकारने त्याचं तोंडही वळवलं, दक्षिणेकडे सरकवलं. मग काशी वाढली का त्याबरोबर?”

“सरकारचा नाला वेगळा, शास्त्रातली असी वेगळी.”

“आणि तुमची मुलगी कुठल्या बाजूला?”

इथे नाना सुपारी कातरायला लागत. एका रविवारी मात्र त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, “तू ती टंकी इकडेच का आणत नाहीस? बाहेरची खोली रिकामी आहे. माशाचं खाणं काय असेल ते बाहेरच्या बाहेर कर. मी काही म्हणणार नाही.”

मी चकित झालो. ज्या घरात कांदा येत नाही त्या घरात नाना कोळंबी येऊ देत होते. मला वाटलं, तू जिंकलीस. पण तुझा चेहरा पडला. तू शांतपणे म्हणालीस, “समुद्र हलवता येत नाही, नाना. समुद्राकडे जावं लागतं.”

मी तुला रिक्शात बोललो. हट्टी आहेस म्हणालो. तू शास्त्रीय कारण दिलंस, की टाकी हलवली, वाळू ढवळली, तर वर्षानुवर्षं वाळूत वसलेले जिवाणू मरतील, आणि एवढ्या मोठ्या माशाचं उष्टं सावरायला कुणी उरणार नाही. ते खरंच होतं. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आता कळतं, नानांनी तुझा समुद्र पाहावा एवढंच तुला हवं असतं, तर तू तो उचलून ब्रह्मा घाटावर ठेवला असतास, वाळूचं काय करायचं ते तुला कळलं असतं. तुला त्यांना तुझं घर दाखवायचं होतं. समुद्र हे आमंत्रण होतं.

फाल्गुनात तू गेलीस. तुझ्याच तखतावर, टाकीकडे तोंड करून. इस्पितळातून तूच हट्टाने घरी आली होतीस. शेवटच्या दिवशी मला म्हणालीस, “पाणी उडालं असेल बघ. वरून गोडं पाणी घाल. खारं घालू नको. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं.” मी लोटा भरायला उठलो. नंतर तू काही बोलली नाहीस.

तुला आम्ही असीवरच्या पुलावरून आणलं. पुलाच्या काशीकडच्या टोकाला नाना उभे होते, काठी टेकून, अनवाणी. पुलावर त्यांनी पाय ठेवला नाही. तू त्यांच्यापर्यंत पोचलीस तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मग आमच्याबरोबर घाटापर्यंत चालत आले. तिवारीजी तिरडीला खांदा देऊन होते आणि मोठ्याने रडत होते. मला नानांचा राग आला होता. आज नाही. पण त्या दिवशी आला होता, तुला खोटं कशाला सांगू.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आचारी आला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, “नाना, किती पानं?” सगळ्या ब्रह्मा घाटावर कुणाकडे कार्य असलं तरी हा प्रश्न नानांना विचारायला लोक येतात. ते डोळे मिटतात आणि आकडा सांगतात, आणि अन्न कमी पडत नाही की उरत नाही. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. आचारी थांबला. मग नाना म्हणाले, “बापूला विचार.”

तेरावं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. “ती टंकी इकडे आण. आता तरी आण. तिकडे कोण बघणार?”

मी तुझ्यासारखा बोलणारा नाही, अक्का. पण तुझं वाक्य माझ्या तोंडून आलं. “समुद्र हलवता येत नाही, नाना.”

त्यांनी वर पाहिलं. ते वाक्य कुणाचं आहे हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी विचारलं, “ती गेली तेव्हा तू तिथे होतास. त्या खोलीतच गेली?”

“हो.”

“म्हणजे असीच्या पलीकडे.”

“हो, नाना.”

ते उठून आत गेले. पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या खोलीत पोथ्या उघड्या असायच्या. मला त्यांनी एकही काढून द्यायला सांगितली नाही. स्वतः स्टुलावर चढून काढत होते. मी दारातून पाहायचो आणि परत फिरायचो. काशीची सीमा कुठवर, एवढंच ते वाचत होते. त्यांच्या स्वतःच्या मरणाचा प्रश्न असता तर ते धाकट्या मर्यादेवर खूश होते. पण ती मर्यादा खरी धरली, तर त्यांची मुलगी काशीत मेली नाही.

चैत्री अमावास्येला सकाळी ते ओट्यावर तयार उभे होते. धूतवस्त्र, खांद्यावर पंचा.

“नगवा काशीतच आहे,” ते म्हणाले. “चल.”

तुमचं इतक्या वर्षांचं भांडण या तीन शब्दांत संपलं, आणि ते ऐकायला तू नव्हतीस. म्हणून हा लेख.

पुलापाशी त्यांनी रिक्शा थांबवली आणि उतरून चालत पूल ओलांडला. मधे एकदा थांबले. मला वाटलं, परत फिरतील. “अमावास्याच का निवडली, विचार,” ते म्हणाले. मी विचारलं. “समुद्राला पर्वाखेरीज शिवायचं नसतं. आज शिवता येईल.”

दार मी उघडलं. नाना उंबऱ्यात उभे राहिले. आधी त्यांनी तुझं घर पाहिलं, सगळं, सावकाश. तखत, पुस्तकं, दोरीवरचा तुझा पंचा, चुलीशेजारचा पाट. मग टाकीकडे वळले. आणि अक्का, तो कपारीतून बाहेर आला. माझ्यासाठी इतक्या दिवसांत आला नव्हता. पूर्ण लांबीचा, संथ, काचेपर्यंत, आणि नानांच्या चेहऱ्यासमोर थांबला. अंगावरचे ठिपके उजळले. त्यांचे जुने डोळे आणि त्याचा तो फिरता डोळा. नाना समुद्राची नावं म्हणू लागले, लहानपणी आपल्याला म्हणायला लावत तशी, एकामागून एक, आणि मधेच थांबले. पुढचं नाव त्यांना आठवेना. मी त्यांना नाव विसरताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी सांगितलं नाही.

“एवढा मोठा,” ते शेवटी म्हणाले. “तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.”

मग त्यांनी बोटं पाण्यात बुडवली, डोळ्यांना लावली, वाकून टाकीवर श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “वास आहे. कोशात नाही.” ओलं बोट जिभेला लावलं. “यात माझं सैंधव आहे?”

“एक खडा.”

त्यांनी मान डोलावली, जसं काही ते चवीवरून ओळखलंच होतं.

तिवारीजी खाली आले, त्यांनी नानांचे पाय धरले आणि सवयीने म्हणाले, “बाबा, अब त दू-चार ठो अउर डलवा दीहल जाय. बेचारा अकेला है.” नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “नहीं, तिवारीजी. एक ही पत्तल रहेगी. यह अकेला नहीं है, बड़ा है.”

तुझं हे वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तूच कधी रविवारी बोलली असशील, किंवा बोललीही नसशील.

ऊन चढलं. मी म्हटलं, नाना, निघू या, जेवायची वेळ झाली. ज्यांनी ब्रह्मा घाटाबाहेर कुणाच्या घरी अन्नाला हात लावला नाही, ते नाना तुझ्या पाटावर बसत म्हणाले, “स्वयंपाक इथेच कर. पण आधी त्याला वाढ. यजमान उपाशी असताना आपण कसं बसायचं?”

मी चिमट्यात कोळंबी धरली. नानांनी तोंड फिरवलं नाही. पाणी जरासं हललं आणि कोळंबी नव्हती. तू गेल्यापासूनचा त्याचा पहिला घास. नाना किती तरी वेळ त्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, “आवाजसुद्धा नाही.”

वरण-भात झाला. तुझ्या फडताळात पत्रावळी होत्या. मी त्या हातात घेतल्या आणि सवयीने विचारलं, “नाना, किती पानं?”

त्यांनी डोळे मिटले. या वेळी उघडले.

“दोन मांड,” ते म्हणाले. “जागा तिघांची ठेव.”

तसेच आम्ही बसलो. मधल्या जागेत काही ठेवलं नाही. तिथून टाकी दिसत होती, आणि तो, पोट भरलेला, आपल्या सगळ्या पाण्यात स्थिर होता.